समोरचा चेहरा: रोमन कांस्यनाण्यांवरची राजदांपत्यं



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांचं म्हणणं असे की राजांविषयी बोलण्याआधी त्यांच्या काळात लोकांच्या हातून फिरलेल्या वस्तू पाहाव्यात. ते मनात ठेवूनच मी आजचा विषय निवडला. रोमन साम्राज्य म्हटलं की आपल्याला सोन्याची नाणी आठवतात. दक्षिण भारतात ती मोठ्या संख्येने सापडली आहेत, त्यामुळे ते साहजिकच आहे. मी मात्र कांशाच्या नाण्यांविषयी बोलणार आहे. साधारण इंचभर रुंद, दहा-बारा ग्रॅम वजनाची ही नाणी सोळा-सतराशे वर्षं मातीत राहून हिरवी-काळी पडली आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूवर दोन चेहरे असतात. डावीकडे सम्राट, उजवीकडे सम्राज्ञी, आणि दोघांची नजर एकमेकांना भिडलेली.

या जोड्यांकडे आपण सहजच संसाराचं चित्र म्हणून पाहतो. माझं प्रतिपादन वेगळं आहे. सम्राटाच्या समोरची ती जागा पत्नीसाठी राखलेली नव्हती. सत्तेच्या सर्वांत जवळ जे कुणी असेल त्याची ती जागा होती. पत्नी असली तर ती दिसते. नसली तर आई येते, कधी आजी येते, कधी मुलगा येतो. आणि घरातलं कुणीच नसेल तर त्या जागी देव येतो. हे मी एकाच शहराच्या नाण्यांवरून दाखवणार आहे. त्या शहराचं नाव मार्सियानोपोलिस.

आज त्या जागी बल्गेरियातलं देव्न्या हे गाव आहे. काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरापासून पश्चिमेला गेलं की ते लागतं. सम्राट ट्राजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, दाशियाची युद्धं जिंकल्यावर, हे नगर वसवलं आणि त्याला आपल्या बहिणीचं, मार्सियानाचं, नाव दिलं. सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डेनीस याची कथा सांगतो. मार्सियानाची एक दासी तिथल्या पाण्यावर गेली असता तिच्या हातातलं सोन्याचं भांडं बुडालं आणि बऱ्याच वेळाने आपोआप वर आलं. हा चमत्कार पाहून सम्राटाने तिथे नगर वसवलं. कथा कथाच आहे. पण देव्न्याच्या परिसरात आजही पाण्याचे जोरदार झरे आहेत, त्यामुळे कथेला पाय कुठून फुटले ते समजतं. राजघराण्यातल्या स्त्रीच्या नावाने वसलेल्या गावाने पुढे आपल्या नाण्यांवर राजघराण्यातल्या इतक्या स्त्रियांना जागा द्यावी, हा योगायोग मला फार आवडतो.

आता थोडं पैशाच्या व्यवहाराविषयी बोलायला हवं. त्याशिवाय पुढचं उलगडणार नाही. रोममध्ये सम्राटाच्या टाकसाळीत सोनं आणि चांदी पाडली जाई. सैनिकांचे पगार चांदीत होत. त्याच टाकसाळीतून पितळेचे सेस्टर्शियस आणि दुपोंदियस, तांब्याचे अस निघत. पण पूर्वेकडच्या ग्रीकभाषक प्रांतांत हा खुर्दा फारसा पोचत नसे. तिथे शेकडो शहरं आपापली कांस्यनाणी पाडत. तेल, भाकरी, हमामाची फी, जत्रेतली खरेदी हे सगळं या स्थानिक नाण्यांत होई. त्यावर दर्शनी बाजूला सम्राट, मागच्या बाजूला गावाचा देव किंवा देवी, आणि ग्रीक अक्षरांत 'अमुक गावकऱ्यांचं' असा मजकूर असे. आमचं गाव आणि तुमचं राज्य, दोन्ही एकाच चकतीवर.

रोमच्या टाकसाळीत सम्राज्ञीला बहुधा स्वतंत्र नाणं मिळे, नाही तर मागची बाजू. दोघांना एकाच बाजूवर, सारख्याच आकारात, समोरासमोर ठेवायची हौस प्रांतांतल्या शहरांना अधिक होती. मार्सियानोपोलिसमध्ये तिला एक व्यावहारिक कारणही होतं. त्या शहराच्या मोठ्या नाण्यांवर मागच्या बाजूला मोकळ्या जागेत एक ग्रीक अक्षर दिसतं: एप्सिलॉन. ग्रीक गणनेत त्याची किंमत पाच, म्हणजे हे पाच असारियांचं, तिथल्या खुर्द्याच्या पाच एककांचं, नाणं. त्याहून कमी किमतीच्या नाण्यांवर एकच चेहरा, आणि पाच असारियांवर दोन. बाजारातल्या ज्या माणसाला अक्षरओळख नव्हती त्यालाही नाण्याची किंमत चेहरे पाहून कळत असणार. मार्सियानोपोलिसच्या पुढच्या साऱ्या नाण्यांचं कोडं यातून सुटतं असं मला वाटतं. पाचाचं नाणं पाडायचं तर दोन चेहरे हवेतच. मग दुसरा चेहरा कुणाचा, हे त्या त्या वेळच्या राजकारणाने ठरायचं.

ही मालिका सेप्टिमियस सेव्हेरसपासून सुरू होते. तो उत्तर आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. 193 मध्ये सत्तेवर आला. पत्नी ज्युलिया डोम्ना सीरियातल्या एमेसा गावची, म्हणजे आजच्या होम्सची. तिचे वडील तिथल्या सूर्यदेवाच्या मंदिराचे पुजारी होते. 195 मध्ये तिला 'छावण्यांची माता' ही पदवी मिळाली. सैन्याच्या बळावर सत्ता घेतलेल्या माणसाला आपलं घराणं सैन्याशी नात्याने बांधायचं होतं, ते तिच्या करवी साधलं. नाण्यावर तिची ओळख केसांवरून पटते. दाट, लाटांसारखे विंचरलेले आणि मानेवर सैल अंबाड्यात बसवलेले केस. ठसा कोरणाऱ्याने त्या लाटा जवळजवळच्या समांतर रेघांनी दाखवल्या आहेत. नाणं कितीही झिजलं तरी त्या रेघांचा खरखरीतपणा बोटाला लागतो.

सेव्हेरस 211 मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क इथे वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या थोरल्या मुलाने, काराकालाने, धाकट्या भावाला, गेटाला, मारवलं. कॅसियस डायो हा त्या काळचा सिनेटर आणि इतिहासकार. तो लिहितो की गेटा आईच्या मिठीत असताना हे घडलं. त्यानंतर काही वर्षांनी, क्विंटिलियानस हा प्रांताधिकारी असताना, मार्सियानोपोलिसने काराकाला आणि डोम्ना समोरासमोर असलेलं नाणं पाडलं. एका मुलाचा खून दुसऱ्या मुलाने केला, आणि ही आई आता खुनी मुलाच्या समोर, पूर्वी जिथे नवऱ्यासमोर होती त्याच जागी. नाण्यावर काराकालाचं नाव 'अँटोनिनस' आहे. काराकाला हे गॉल प्रदेशातल्या एका झग्यावरून लोकांनी पाडलेलं टोपणनाव. ते अधिकृत नाण्यावर येणं शक्यच नव्हतं.

हे नाणं पाहून काही जणांना फक्त भेसूरपणा दिसतो. हेरोडियन हा इतिहासकार अलेक्झांड्रियातल्या लोकांची कुचेष्टा नोंदवतो. ते डोम्नाला योकास्टा म्हणत, म्हणजे ग्रीक कथेतली मुलाची पत्नी झालेली आई. पण डायोने दिलेली दुसरी माहिती इथे जास्त मोलाची आहे. काराकाला पूर्वेच्या मोहिमेवर असताना त्याच्याकडे येणारे अर्ज आणि दोन्ही भाषांतली बहुतेक पत्रं पाहण्याचं काम डोम्नाकडे होतं, आणि सिनेटला जाणाऱ्या पत्रांत तिचं नाव सम्राटाच्या नावाबरोबर असे. ती अँटिओकमध्ये बसून कागद पाहत होती. तेव्हा मार्सियानोपोलिसच्या ठशावर दिसते ती प्रशासनातली खरी स्थिती आहे. काराकाला तेव्हा पत्नीविना होता. दुसऱ्या जागेवर बसेल असं दुसरं कुणी नव्हतंच.

एप्रिल 217 मध्ये काराकालाचा खून झाला. डोम्ना त्याच वर्षी अँटिओकमध्ये गेली. अंगरक्षक दलाचा प्रमुख मॅक्रिनस सम्राट झाला. त्याच्या पत्नीचं नाणं कुठेही नाही. मार्सियानोपोलिसच्या पाचाच्या नाण्यावर त्याच्यासमोर त्याचा मुलगा आहे, डायडुमेनियन, वय वर्षं नऊ-दहा. पोंटियानस हा तेव्हाचा प्रांताधिकारी. सव्वा वर्षात बाप-लेक दोघेही मारले गेले. इतक्या अल्पकाळात या शहराने त्यांची बरीच नाणी पाडली. त्यावर मुलाचा गोल, कोवळा चेहरा आणि बापाची दाढी ही समोरासमोर पाहताना मन कालवतं.

यानंतर डोम्नाच्या माहेरचा काळ सुरू होतो. तिची बहीण ज्युलिया मायसा हिने एमेसातून नातवाला पुढे केलं. एलागाबालस, वय चौदाच्या आसपास, 218 मध्ये सम्राट झाला. चार वर्षांत त्याची लग्नं बरीच गाजली. ज्युलिया पॉला, व्हेस्टाची पुजारीण अक्विलिया सेव्हेरा, अ‍ॅनिया फॉस्टिना, तिघींची नाणी रोममध्ये निघाली. मार्सियानोपोलिसने मात्र पाचाच्या नाण्यावर आजीला बसवलं. मायसा. उतारवयाची, ठसठशीत नाकाची, हनुवटी खंबीर. दूर डॅन्यूबच्या प्रदेशात बसलेल्या गावकऱ्यांना राज्य कोण चालवतं हे नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते नाण्यावर नोंदवलं. मायसानेच पुढे या नातवाचा नाद सोडून दुसऱ्या नातवाला पुढे आणलं. मार्च 222 मध्ये एलागाबालस आणि त्याची आई सोएमिअस एकत्र मारले गेले. अलेक्झांडर सेव्हेरस सम्राट झाला. त्याच्या समोर आधी आजी मायसा आणि तिच्यामागून आई ममाया दिसते. तेरा वर्षं ममायाने मुलाच्या नावाने कारभार पाहिला. 235 मध्ये जर्मनीच्या सीमेवर, आजच्या माइन्झजवळ, सैनिकांनी दोघांना मारलं.

रोमन इतिहास लिहिणारे बहुतेक सिनेटर किंवा त्यांच्या वर्तुळातले होते. स्त्रियांचा कारभार त्यांना खुपे, आणि त्यांच्या ग्रंथांतून डोम्ना, मायसा, ममाया या कारस्थानी बायका म्हणून येतात. कांशाच्या नाण्यावर तसा रोष नाही. तिथे नाव आहे, पदवी आहे, चेहरा आहे, आणि तो सम्राटाइतक्याच आकाराचा आहे. हे नाणं काही निःपक्ष साक्षीदार नव्हे, ते राजनिष्ठेचं प्रदर्शन आहे, हे मला मान्य आहे. पण राजनिष्ठा दाखवताना कुणाकुणाचे चेहरे दाखवले पाहिजेत याचा गावाने केलेला हिशेब त्यातून कळतो. आणि तो हिशेब चुकला तर गावाला महागात पडलं असतं. म्हणून या हिशेबावर माझा विश्वास बसतो.

पुढे 238. त्या एका वर्षात सहा सम्राट झाले आणि शेवटी तेरा वर्षांचा गॉर्डियन तिसरा टिकला. त्याच वर्षी इटलीतल्या अक्विलेया शहराचा बचाव करणाऱ्या दोघांपैकी एक, टुलियस मेनोफिलस, पुढे मार्सियानोपोलिसच्या प्रांताचा, मोइसियाचा, अधिकारी होऊन आला. सम्राट पोरवयाचा, लग्न व्हायचं. पाचाचं नाणं पाडायचं तर समोर कोण? मेनोफिलसच्या काळातल्या नाण्यांवर गॉर्डियनसमोर सेरापिस आहे. सेरापिस हा इजिप्तकडचा देव, दाट दाढीचा, डोक्यावर धान्याचं माप. मुलाच्या कोवळ्या, दाढी न फुटलेल्या चेहऱ्यासमोर हा प्रौढ देव पाहिला की पालकाची जागा कुणी घेतली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

241 मध्ये गॉर्डियनचं लग्न झालं. वधू ट्रॅन्क्विलिना ही टिमेसिथिअसची मुलगी, आणि टिमेसिथिअस अंगरक्षक दलाचा प्रमुख. लग्न झालं आणि सेरापिसची जागा ट्रॅन्क्विलिनाने घेतली. या जोडीची नाणी दूरदूरच्या शहरांनी पाडली: काळ्या समुद्रावरचं टोमिस, थ्रेसमधली शहरं, आणि थेट मेसोपोटेमियातलं सिंगारा, म्हणजे इराकमधलं आजचं सिंजार. सिंगाराच्या नाण्यावर मागे नगरदेवता बसलेली आहे आणि तिच्या डोक्यावर धनुर्धारी नरतुरंग. इतक्या दूरच्या सिंगारानेही ही नाणी पाडण्याचं कारण उघड आहे. त्याच वर्षांत रोमन सैन्य इराणच्या सासानी राजाशी लढायला त्या वाटेने जात होतं. टिमेसिथिअस 243 मध्ये वारला आणि 244 च्या आरंभी गॉर्डियनही गेला, वय एकोणीस.

मार्सियानोपोलिसच्या ठशांवर ट्रॅन्क्विलिनाचं नाव एका ओळीत मावत नाही. सम्राटाची नावं आणि बिरुदं कडेने फिरत येतात आणि जागा संपते. मग उरलेलं तिचं नाव दोघांच्या गळ्याखाली, तुकडे करून, दोन ओळींत बसवलेलं असतं. कोरणाऱ्याची ही धांदल मला फार जवळची वाटते. ठशावर अक्षरं उलटी कोरायची असतात आणि ग्रीकमध्ये हे लॅटिन नाव लांबलचक होतं. तरीही नाव गाळायची सोय नव्हती.

शेवटचा, गॉर्डियननंतरचा सम्राट फिलिप. त्याच्यासमोर पत्नी ओटासिलिया आहे. पण त्याचा मुलगा, धाकटा फिलिप, याचंही पाचाचं नाणं निघालं. हा पोर, लग्नाचा प्रश्नच नाही. त्याच्यासमोर कोण असेल ते आता तुम्हीच सांगाल: सेरापिस. लग्न न झालेल्या दोन मुलग्यांसमोर एकच देव दोनदा यावा, हा माझ्या तर्काला मिळालेला सर्वांत भक्कम आधार आहे. आपल्याकडे पूजेला जोडीने बसायचं असतं आणि बायको हजर नसली तर सुपारी ठेवून का होईना, ती जागा भरावी लागते. तसंच काहीसं पाचाच्या नाण्याचं होतं.

फिलिपच्या कारकीर्दीच्या अखेरीस गोथ टोळ्यांनी मार्सियानोपोलिसला वेढा घातला. शहर वाचलं, पण त्याची टाकसाळ फिलिपनंतर बंद झाली. त्या अस्थिर दिवसांत कुणीतरी तिथे चांदीचा प्रचंड साठा पुरला. 1929 मध्ये देव्न्यात तो सापडला. बरीच नाणी लोकांनी नेली, तरी 81,044 नाण्यांची नोंद झाली आणि बल्गेरियन नाणेतज्ज्ञ मुश्मोव्ह यांनी 1934 मध्ये ती प्रसिद्ध केली. रोमन चांदीच्या अभ्यासाला त्या साठ्याशिवाय गत्यंतर नाही. त्यातली सम्राट आणि सम्राज्ञींची नाणी मोजून कुणाची किती नाणी पाडली गेली याचे अंदाज बांधले जातात. एकाच गावात रोमची चांदी ढिगाने मिळाली आणि गावचं कांसं आसपासच्या शेतांतून सुटंसुटं मिळत राहिलं. मला विचाराल तर गावाचं स्वतःचं म्हणणं त्या कांशातच आहे.

समोरासमोरचे चेहरे या प्रथेचं मूळ मात्र मार्सियानोपोलिसच्या या नाण्यांच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचं आहे. इसवी सन पूर्व 40 मध्ये ब्रुंडिसियमचा तह झाला आणि मार्क अँटनीने ऑक्टेव्हियनच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न केलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अँटनीच्या आरमाराच्या सरदारांनी, अट्राटिनस, बिबुलस आणि कॅपिटो यांनी, पूर्वेत कांस्यनाणी पाडली. त्यांच्या सेस्टर्शियसवर अँटनी आणि ऑक्टेव्हिया समोरासमोर आहेत, आणि मागे दोघं समुद्रदेव नि त्याची राणी होऊन समुद्री घोड्यांच्या रथातून चालले आहेत. हयात रोमन स्त्रीचा चेहरा नाण्यावर येण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत ही गणली जातात. या मालिकेतलं तीन असांचं नाणं तर विलक्षण आहे. त्यावर एका बाजूला अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांचे चेहरे एकावर एक, जोडून, आणि त्यांच्या समोर एकटी ऑक्टेव्हिया. नवरा आणि भाऊ एका बाजूला, त्यांना जोडणारी बाई दुसऱ्या बाजूला. मागे तीन जहाजं, म्हणजे नाणं तीन असांचं. चित्रावरून किंमत ओळखायची पद्धत इथेही आहेच. ज्या तहाला टिकवण्यासाठी ती त्या जागी बसवली गेली तो तह मोडला. इसवी सन पूर्व 32 मध्ये अँटनीने तिला सोडलं, आणि त्याच सुमाराच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अँटनी, दुसऱ्या बाजूला क्लिओपात्रा आली.

रोमच्या टाकसाळीतलं एक पितळी नाणं इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या शतकातला सम्राट अँटोनिनस पायस आणि त्याची पत्नी थोरली फॉस्टिना एकमेकांचा हात हातात घेऊन उभे आहेत. त्यांच्या पुढ्यात अगदी लहान आकारात, वेदीच्या दोन बाजूंना, भावी सम्राट मार्कस ऑरेलियस आणि या दांपत्याची मुलगी धाकटी फॉस्टिना, तेही हातात हात घालून. मजकूर: सलोख्याला अर्पण. ओस्टिया बंदरात सापडलेल्या शिलालेखानुसार, नगरसभेने या थोरल्या दांपत्याच्या पुतळ्यांसमोर वेदी उभारली आणि तिथे नवविवाहितांनी पूजा करावी असं ठरवलं. म्हणजे नाण्यावरच्या जोडीसमोर खऱ्या जोड्या येऊन उभ्या राहत. नाण्याने लोकांच्या घरगुती विधीत इतका शिरकाव केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाला कारिया प्रांतातलं स्ट्रॅटोनिकेया, आजच्या नैर्ऋत्य तुर्कस्तानातलं. तिथली कांस्यनाणी मोठी, जड. सेव्हेरस आणि डोम्ना समोरासमोर, काराकाला आणि गेटा समोरासमोर. गेटाच्या खुनानंतर त्याचं नाव नि चेहरा सगळीकडून पुसावा असा हुकूम सुटला. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरचं त्याचं नाव खरवडून तिथे दुसरा मजकूर घातला गेला. इजिप्तमध्ये रंगवलेल्या, आज बर्लिनमध्ये असलेल्या लाकडी गोल चित्रातून त्याचा चेहरा पुसला गेला. स्ट्रॅटोनिकेयाच्या लोकांनी वापरातल्या नाण्यांवरून त्याचा चेहरा घासून काढला आणि छोटे ठसे मारून ती नाणी पुन्हा चलनात आणली. काही नाण्यांवर प्लाउटिलाही अशीच घासलेली आहे. ही काराकालाची पत्नी. वडील प्लाउटियानस 205 मध्ये मारले गेल्यावर तिला लिपारी बेटावर धाडलं होतं, आणि सेव्हेरसनंतर तिथेच तिचा खून झाला.

अशा नाण्यावर काराकाला एका सपाट, चकचकीत घासलेल्या जागेकडे पाहत असतो. पैसा गावाचा होता, तो वितळवून टाकणं परवडणारं नव्हतं, आणि चेहरा ठेवणंही धोक्याचं होतं. म्हणून प्रत्येक नाणं हातात घेऊन कानस चालवावी लागली. समोरच्या जागेला किती राजकीय वजन होतं हे त्या कानशीच्या खुणांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ही नाणी घडायची कशी, याविषयीही थोडं सांगतो. तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारला जाई. मोइसिया आणि थ्रेसच्या नाण्यांवर दोन्ही बाजूंना मधोमध एक छोटा खळगा असतो. चकती गुळगुळीत करताना ती टोकदार अवजारात धरल्याची ती खूण असावी असं मानलं जातं. जोडीच्या नाण्यावर हा खळगा बरोबर दोन चेहऱ्यांच्या मधल्या फटीत येतो. जर्मन विद्वान कॉनराड क्राफ्ट यांचा आशिया मायनरच्या नाण्यांचा मोठा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच दर्शनी ठशावरून वेगवेगळ्या शहरांची नाणी पाडली गेल्याचं त्यांनी दाखवलं. याचा अर्थ कारागिरांच्या मोजक्या कार्यशाळा अनेक शहरांचं काम करत. तेव्हा डोम्नाचे केस एका शहरात जसे दिसतात तसेच शेजारच्या शहरात दिसले तर नवल नको.

ज्यांच्या संग्रहात अशी नाणी असतील त्यांना एक कळकळीची विनंती. त्यावरचा हिरवा कळंक पाहून चिंचेने किंवा लिंबाने ती घासू नका. कळंकाच्या त्या थरातच चेहऱ्याचा बारकावा टिकलेला असतो. आणि विकत घेताना केसांच्या रेघा फार तीक्ष्ण दिसल्या तर सावध व्हा. झिजलेल्या नाण्यावर नव्याने कोरीवकाम करून ते खपवण्याचे प्रकार जगभर चालतात, आणि त्यात सर्वांत आधी बळी जातो तो मूळ कारागिराचा हात.

आपल्याकडे ही शहरी कांस्यनाणी व्यापाराबरोबर आली नाहीत. ती आपापल्या प्रदेशाबाहेर फारशी चालतच नसत. तमिळनाडूत करूर नि मदुराईला आणि श्रीलंकेत मिळणारी छोटी रोमन तांब्याची नाणी पुढच्या, चौथ्या-पाचव्या शतकातली. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पोसायडनची सुंदर कांस्यमूर्ती मिळाली, तेरला रोमन नाण्यांच्या नकला मातीत केलेल्या मिळाल्या. पण राजा-राणीचा एकत्र उल्लेख म्हणाल तर तो आपल्याकडे याहून जुना आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या, वरची नावं उरली, आणि त्यांत देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची नावं एकाच लेखात आहेत, राणीचं आधी. चौथ्या शतकात पहिला चंद्रगुप्त आणि लिच्छवी कुळातली कुमारदेवी एकाच सुवर्णनाण्यावर समोरासमोर उभे राहिले. त्या कुमारदेवीची पणती प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांची राणी झाली आणि मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं. ममाया आणि प्रभावती यांच्यावर कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून लिहावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

रोमकडे परत जातो, पण आता राजधानी कॉन्स्टँटिनोपल आहे. सहाव्या शतकातला सम्राट जस्टिनियन याने पत्नी थिओडोराला कारभारात मोठं स्थान दिलं, तरी एकाही नाण्यावर तिला आणलं नाही. त्याचा भाचा जस्टिन दुसरा 565 मध्ये सम्राट झाला. त्याची पत्नी सोफिया ही थिओडोराचीच भाची. यांच्या तांब्याच्या फॉलिसवर दोघं एकाच रुंद सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेले आहेत, दोघांच्या मस्तकामागे प्रभावळ, त्याच्या हातात क्रॉस असलेला गोल, तिच्या हातात क्रॉस असलेला राजदंड. आता चेहरे एकमेकांकडे वळलेले नाहीत. दोघं सरळ आपल्याकडे, प्रजेकडे, पाहतात. मागे चाळीस नुम्मींची खूण म्हणून मोठा एम आणि राज्यारोहणापासून कितवं वर्ष तो आकडा. कॉन्स्टँटिनोपलच्या या नाण्यांवर नाव फक्त जस्टिनचं आहे. कार्थेजच्या टाकसाळीने मात्र जस्टिन आणि सोफिया अशी दोन्ही नावं घातली आणि चेहऱ्यांखाली 'व्हिता', म्हणजे आयुष्य, असं लिहिलं.

जस्टिनला पुढे वेड लागलं. कारभार सोफियाने हाती घेतला आणि 574 मध्ये टायबेरियस या सेनापतीला सीझर नेमवलं. इफेससचा जॉन हा त्याच काळातला लेखक सांगतो की जस्टिन जिवंत असेपर्यंत सोफियाने टायबेरियसच्या पत्नीला, इनोला, राजवाड्यात राहू दिलं नाही. 578 मध्ये जस्टिन वारला, टायबेरियस सम्राट झाला आणि इनोला अ‍ॅनास्तासिया हे नाव देऊन सम्राज्ञी केलं गेलं. कॉन्स्टँटिनोपलच्या फॉलिसवर मात्र टायबेरियस एकटाच आहे, कॉन्सल या पदाच्या समारंभी पोशाखात. जोडीचं सिंहासन तिथून गेलं. ते थेसालोनिकाच्या टाकसाळीत टिकलं, वीस नुम्मींच्या अर्ध्या फॉलिसवर. तिथे टायबेरियसच्या शेजारी अ‍ॅनास्तासिया बसलेली आहे.